जावेनं न सांगितलेलं रातांधळं

पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा मी सासरी होते, पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आंबेनळी घाटाकडच्या वाडीत. नवरा मुंबईला कामाला. घरात सासू, मोठी जाऊ आणि तिच्या मुली. जावेला मी ताई म्हणायचे. नवी नवरी म्हणून आले तेव्हा मला धड चूल पेटवता येत नव्हती, तेव्हापासून तिनं पाठच्या बहिणीसारखं सांभाळून घेतलं होतं. आईला सांगणार नाही ते मी तिला सांगायचे.

उलट्यांनी मी पार वाळले होते. ताई म्हणाली, "अंडं नको खाऊ गो, उष्ण पडतं. दूध पचायचं नाय तुला. पालेभाज्याही नको. पेज घे नि लोणचं." घरच्या कोंबड्या अंडी घालत होत्या, परड्यात शेवगा होता, गोठ्यावर भोपळ्याचा वेल चढला होता. मी पेज पीत राहिले.

सातव्या महिन्यात दिवेलागणीला डोळ्यांपुढं करडं काहीतरी उतरायला लागलं. दिवसा सगळं लख्ख, सांज झाली की पायरी कुठं संपते ते कळेना. एकदा ओट्यावरून उतरताना सरळ दगडावर आपटले. सासू म्हणाली, "कामाचा कंटाळा, दुसरं काय." दुसऱ्या दिवसापासून अंधार पडला की ताई माझा हात धरून परसाकडे न्यायची. "भिऊ नको, मी हाय," म्हणायची. मला भरून यायचं.

फोनवर नवऱ्याला सांगितलं तसा तो म्हणाला, आधी महाडला दाखव. सोबत ताईच आली.

डॉक्टरीणबाईंनी डोळे तपासले, खाणं विचारलं. मग शांतपणे समजावलं. अंधुक उजेडात बघायला डोळ्याला अ जीवनसत्त्व लागतं. दूध, अंडी यांतून ते तयार मिळतं. पालेभाज्या, भोपळा, गाजर, आंबा यांत त्याचा कच्चा माल असतो, शरीर त्यातून ते घडवतं, पण त्यासाठी जेवणात थोडं तेल-तूप हवं. उरलेलं यकृतात साठतं. "तुमचा साठा आधीच कमी, त्यात बाळ आपला वाटा घेतंय," त्या म्हणाल्या. "औषध मी बेतानंच देते. जास्त झालं तर बाळाला धोका. कलेजीही या दिवसांत टाळा. बाकी सगळं खा."

मग त्या ताईकडे वळल्या. "तुम्हीही आला होतात ना माझ्याकडे, धाकटीच्या वेळेला? हेच झालं होतं तुम्हाला. हिला सांगितलं नाहीत?"

ताई पिशवी उचलून दाराकडे निघाली.

एसटी स्टँडवर बाकावर बसल्यावर मी विचारलं, "ताई, तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"मलापण अंडी खायला सांगितलेली. सासूनं दिली नाय. भिंती चाचपडत फिरायची तर सगळी हसायची. तुझा तरी मी हात धरला."

"पण अंडं उष्ण पडतं, हे तूच सांगितलंस मला."

"सांगितलं," ती म्हणाली. "तुझा नवरा रोज फोन करतो, माहेरून डबे येतात. तुला सगळंच आयतं मिळावं का गो?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तेच मला सोसवेना. रागानं केलं असतं तर समजून घेतलं असतं. तिनं रोज संध्याकाळी माझं आंधळेपण हातात धरून बघितलं होतं.

त्या दिवसापासून मी स्वतः रांधून खाल्लं, शेवग्याचा पाला तेलाच्या फोडणीवर, दोन्ही वेळा. सासू कुरकुरली, मी ऐकलं नाही. काही आठवड्यांत सांजेचं अंगण दिसायला लागलं. मुलगी झाली, धडधाकट. पहिलं पिवळसर दूध तिला आवर्जून पाजलं.

आता आमच्या चुली वेगळ्या आहेत. ताई हाक मारते, मी ओ देते. सणाला एकमेकींकडे ताट जातं. पण अंगात कणकण असली किंवा पोटात दुखलं, तर मी शेजारच्या दाराशी जात नाही, सरळ महाडला फोन लावते.