केलं शांत

येरमाळ्याच्या वाटेवर सरकी काढायची एक गिरणी होती. तिथला शरणप्पा मिस्त्री दिवा 'मारायचा'. म्हणजे बोलायचाच तसं. आपल्याकडं दिवा विझला म्हणत नाहीत, अशुभ असतं; शांत केला म्हणतात. आणि हा गडी, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, वर तोंडानं "दिवा मारला", "तार मेली". त्याची बायको मल्लम्मा कानावर हात ठेवायची. लोक म्हणायचे, मिस्त्री, जिभेला काही हाड?

आधी तो असा नव्हता हो. निजामी अमलातली गोष्ट, बेचाळीस साल असेल. अख्ख्या मुलखात कंदील आणि चिमण्या, पण गिरणीच्या इंजनावर डायनामो होता आणि शेजारी मालकाच्या बंगल्यात भिंतीवर पितळी दिवे होते. ते शरणप्पानं आणि त्याचा जोडीदार बलभीम यानं मिळून लावलेले. दोघांत भावासारखी माया. एकदा मालकाला दिवाणखान्यातला एक दिवा नकोसा झाला. हुकूम सुटला, काढा.

बलभीम स्टुलावर चढला आणि शरणप्पाला म्हणाला, इंजनघरात जाऊन मेन पाड. मेन म्हणजे मोठा खटका. तो खाली ओढला की सगळ्या तारांतला जीव जातो. पण मेन पाडला की गिरणीत अंधार, आणि मॅनेजर आईबापावरून शिव्या देणार. शरणप्पाला जिवावर आलं. दाराबाहेरचं बटण त्यानं दाबलं, दिवा गेला. आतून बलभीमनं विचारलं, "शांत केलं का?" आणि हा म्हणाला, "केलं शांत."

खोटं काय होतं त्यात? दिवा शांत होताच. तार नव्हती. जोडताना उलटी जोडली गेली होती, त्यामुळं बटण बंद केलं तरी दिव्यापर्यंत वीज जित्तीच होती. बलभीमनं पकड लावली आणि स्टुलावरून जो खाली आला तो पुन्हा उठला नाही.

मालकाकडं दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते. भिंत साफ करा म्हणाले. शरणप्पानं तारांची दोन उघडी टोकं भोकात कोंबली, वर चुना थापला. टोकांवर वीज अडवणारी टोपी नाही, पट्टी नाही. ती टोकं त्याला बघवेनात. लोक म्हणाले, बलभीमची घटका भरली होती. शरणप्पा गप्प बसला.

त्या दिवसापासून कुठलंही बटण दाबलं की त्याला मागून बलभीमचा आवाज यायचा, शांत केलं का? भर दुपारी यायचा. तो वळून बघायचा, तर मागं कुणी नसायचं. दरसाल बंगल्याला चुना लागे, तरी ते थापलेलं ठिगळ याच्या डोळ्याला वेगळं दिसायचंच. त्या भिंतीला पाठ करून तो कधी उभा राहिला नाही.

पुढं रझाकारांच्या धामधुमीत मालक हैदराबादला गेला, इंजन थंडावलं. पोलीस ॲक्शन झाली, निजामशाही गेली, आणि एकोणपन्नासात बंगल्यात सरकारी दवाखाना यायचा ठरला. झाडलोटीला बाई ठेवली ती कोण, तर बलभीमची विधवा कडूबाई. शरणप्पाला इंजन सुरू करायला बोलावलं. सकाळी त्यानं इंजन फिरवलं, मेन चढवला आणि दिवे बघायला बंगल्यात आला. बघतो तर कडूबाई हातात दगड घेऊन कंदिलासाठी भिंतीत लोखंडी खिळा ठोकतेय. बरोबर ठिगळावर.

त्यानं झेप घेऊन तिचा हात धरला. परक्या बाईचा हात! मग धावत गेला, मेन पाडला, फ्यूज काढून खिशात घातले आणि परत आला. भिंत कच्ची आहे म्हणाला असता तर भागलं असतं. जीभ तशी वळलीही होती. पण आज ही वाचली, उद्या दुसरं कुणी खिळा ठोकेल, आणि आपण पुन्हा गप्प बसू, हे त्याला सोसवेना.

"वैनी, त्या दिशी म्या मेन पाडला न्हवता," तो म्हणाला. "बटण दाबलं आन् शांत केलं म्हणलो."

कडूबाई भिंतीला टेकून खाली बसली.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "माती सावडायच्या दिशी मल्लम्मानं समई शांत करा म्हणलं, तर तुमच्यानं त्यो शब्द निघंना. तवाच वळखलं, ह्या शब्दात कायतरी दडलंय. सात वर्सं वाट बघितली, तुमी कवा सांगताव म्हणून."

शरणप्पाला रडू कोसळलं. ती उठली आणि म्हणाली, आधी काम करा. त्यानं ठिगळ फोडलं. चाचणीचा बल्ब लावून तारा बघितल्या, एकदा, दोनदा, तीनदा. प्रत्येक टोकाला वेगळी चिनीमातीची टोपी घातली, काळी पट्टी गुंडाळली, आणि भोकावर चुना न थापता लाकडी झाकण बसवलं, म्हणजे इथं तार आहे हे आंधळ्यालाही कळावं. सवयीनं पुटपुटला, मेली.

"तसं नगा म्हणू, भावजी," कडूबाई म्हणाली. "शांत केलं म्हणा. त्यान्ला अजून कुणी शांत केलं न्हाय."

शरणप्पानं तोंड उघडलं. दोनदा उघडलं. पण तो शब्द काही त्याच्या तोंडून निघेना.