गोबरे गाल

माझी पोरगी अकरा वर्षांची असताना तिच्या अंगातली राखण करणारी ताकदच उलटली आणि तिच्या सांध्यांवर, कातडीवर उठली. कुंपणानंच शेत खावं तसं. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी मला हे असंच समजावलं होतं. दुखणं जन्माचं आहे, पण गोळ्यांनी ताब्यात राहील, असंही त्या म्हणाल्या.

गोळ्या लागू पडल्या. ताप गेला, गुडघे दुखायचे थांबले, गाल गोबरे झाले. भाताच्या आवणीला आमच्या वावरात आलेल्या किन्हवलीच्या बायका म्हणाल्या, "पोरीनं बाळसं धरलंय गो." मी हरखले. घरी येऊन मीठ-मोहऱ्यांनी तिची दृष्ट काढली आणि गोळ्यांचा डबा फडताळात वर ठेवून दिला. बऱ्या झालेल्या पोरीला औषधं कशाला चारायची? नवऱ्यालाही विचारलं नाही. तेव्हा मी स्वतःला फार शहाणी समजायचे.

पुढे गाल उतरले, ते मी कामाच्या दगदगीवर ढकललं. दिवाळीनंतर ती विसरायला लागली. पाण्याला पाठवली तर कळशी विहिरीवरच ठेवून हात हलवत परत यायची. पाढे गेले. शेजारीण म्हणाली बाहेरचं असेल, मास्तर म्हणाले आळस आहे. मला मास्तरांचं पटलं. "दुखण्यानं लाडावलीस तू, सोंगं करू नको," असं म्हणून दोनदा फटकावलीसुद्धा.

मग एका संध्याकाळी ती शाळेतून घरी येण्याची वाटच विसरली. एसटीच्या थांब्यावर बसलेली सापडली. दुसऱ्या दिवशी शहापूरवरून आम्ही तिला मुंबईला नेली.

मेंदूत रक्त कुठं पोचतं, कुठं कमी पडतं, त्याचं चित्र काढायचं ठरलं. सुईतून औषध देताना तिनं अंधाऱ्या खोलीत अगदी शांत पडायचं होतं. मला कोपऱ्यात बसू दिलं, पण एक शब्द बोलायचा नाही या अटीवर. ती माझ्याकडे बघत होती. तोंडाळ बाई मी, त्या दिवशी पदर तोंडात धरून बसले.

चित्र रंगीत होतं. बहुतेक भाग पिवळा-तांबडा, दोन जागी मात्र निळा. डॉक्टरीणबाईंनी निळ्यावर बोट ठेवलं. "इथं रक्त कमी पोचतंय, म्हणून ती विसरते. गोळ्या चालू आहेत ना?"

"नाय. मीच बंद केल्या," मी म्हणाले. "गाल भरले व्हते, मला वाटलं बरी झाली."

"ते बाळसं नव्हतं. गोळ्यांनी चेहरा सुजतो तसा." त्या रागावल्या नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. औषधं नेमानं दिली तर बरंच सुधारेल, असं म्हणून त्यांनी नवी चिठ्ठी लिहिली. नवऱ्यानं ती घडी करून आपल्या खिशात ठेवली.

बाहेर बाकावर बसल्यावर पोरीनं विचारलं, "आये, मंग मी सोंग नव्हते ना करत?"

"नाय गो बाय. माझंच चुकलं."

तिनं जरा विचार केला. "तू म्हनायचीस," ती म्हणाली, "म्हनून मला वाटायचं, करत असंन."