वायपरची मोटर आणि देवरूखचं बारसं

भाट्याच्या पुलावर आमच्या गाडीचे वायपर थांबले तेव्हा आषाढातला पाऊस आडवा येत होता आणि काचेतून पांढऱ्या पाण्याशिवाय काही दिसत नव्हतं. शेजारी मामंजी, म्हणजे माझे सासरे, काळा चष्मा लावून बसले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डोळ्याची तपासणी करून आम्ही घरी निघालो होतो. पुढे एक एसटी होती. तिच्या मागच्या लाल दिव्यांच्या मागे मी गोगलगायीसारखी गाडी चालवली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून पूल पार केला. घरी पोचलो तेव्हा माझी वेणी पिळून काढण्याजोगी झाली होती.

मामंजींचं सगळं आयुष्य बोटीवर गेलं, इंजिन रूममध्ये फिटर म्हणून. ते निवृत्त होऊन घरी आले आणि त्याच सुमारास माझा नवरा बोटीवर चढला. त्यामुळे घरात एक खलाशी कायमचा आणि एक पाहुणा, अशी आमची रीत. मिक्सर असो की विहिरीवरचा पंप, मामंजींनी कधी दुसऱ्याला हात लावू दिला नव्हता. आता डॉक्टरांनी वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, असं बजावलं होतं. पडवीतल्या खुर्चीत बसून ते दिवसभर रेडिओ लावायचे आणि बंद करायचे.

गाडी दुरुस्त होणं मात्र गरजेचं होतं. रविवारी देवरूखला माझ्या भावाच्या मुलीचं बारसं होतं. लग्नानंतर खूप वर्षांनी झालेलं लेकरू, आणि मी एकुलती एक आत्या. पाळण्याशी बसून कानात नाव सांगायचं काम माझं. एसटीच्या गर्दीत मामंजींना नेणं शक्य नव्हतं, आणि त्यांच्या डोळ्यात औषधाचे थेंब मीच घालत असल्याने मागे ठेवणंही शक्य नव्हतं. नेहमीच्या गॅरेजवाल्याला फोन केला. तो म्हणाला, मोटर गेली असणार, या गाडीचे भाग आता येत नाहीत, कोल्हापूरला कुठे मिळाली तर आठवडाभरात बघू.

"न बघता मोटर गेली म्हणतो," मामंजी म्हणाले. "आधी दुखणं शोधायचं, मग पाना उचलायचा. चल गो, तू हात हो. मी बसून सांगतो."

मी घरी शिवणक्लास घेते. मशीन उघडून तेलपाणी करायची मला सवय आहे, पण गाडीचं बॉनेट मी फक्त पाणी भरायला उघडलेलं. दुसऱ्या दिवशी क्लासला सुट्टी देऊन गाडी पडवीला लावली. पत्र्याखाली बॉनेट तेवढं कोरडं राहत होतं, माझी पाठ भिजत होती. मामंजींची खुर्ची गाडीच्या नाकाशी ठेवली आणि तिथून उठायचं नाही असं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.

आधी त्यांनी मला फ्यूज काढायला लावला. तो चांगला होता. मग म्हणाले, वायपरचं बटण दाब आणि कान दे. काहीच आवाज नाही. मोटर गुरगुरली असती आणि पाती हलली नसती, तर दांडे अडकलेत असं समजायचं, त्यांनी सांगितलं. ही मुकीच होती. मग एका जुन्या बल्बला दोन वायरी जोडून केलेला त्यांचा दिवा मी मोटरपर्यंत येणाऱ्या तारेला लावला. लख्ख पेटला. म्हणजे वीज दारापर्यंत येत होती, आत कोणी घेत नव्हतं. अर्थिंग सुटलंय का बघायला मोटरच्या अंगावरून बॅटरीला वेगळी तार जोडून पाहिली, तरी ढिम्म.

"आता पान्याच्या दांड्याने हळूच टकटक कर तिच्या पाठीवर. बटण चालू ठेव."

मी टकटक केलं. पाती एकदम हलली, अर्धी काच पुसून पुन्हा थांबली. पुन्हा टकटक, पुन्हा अर्धी काच. मी हसायला लागले. मामंजी मात्र खुर्चीत मागे टेकले. मोटरला आतून वीज पोचवणारे कार्बन झिजले, ते म्हणाले, शिवाय मोटर गंजलेली, उघडायला गेलं तर हातात तुकडे येतील. मग त्यांनी कबूल केलं की गॅरेजवाला बरोबर होता. ते कबूल करताना त्यांचं तोंड कडू औषध घेतल्यासारखं झालं होतं.

मोटर आणायची कुठून या विचारात आम्ही होतो, तेवढ्यात आमची मासेवाली मावशी आली. पावसाळ्यात समुद्र बंद, म्हणून ती सुकी मासळी घेऊन फिरते. उघडं बॉनेट, त्यात वाकलेली मी आणि काळ्या चष्म्यातले मामंजी बघून तिने टोपली खाली ठेवली आणि सगळी हकीगत विचारून घेतली.

"असली गाडी माझ्या लेकाची पडलेली हाय दारात," ती म्हणाली. "तो मुंबईला गेला तेव्हापासून कोंबड्या रवतात तिच्यात. मोटर ने हवी तर. कोंबड्यांना काय काच पुसायची हाय?"

बदल्यात काय देऊ विचारलं, तर ती जरा लाजली. तिची लेक देवरूखला दिलेली. पावसात दोन गाड्या बदलून जाववत नाही म्हणून शिमग्यानंतर भेट नव्हती. आम्ही रविवारी जाणारच आहोत, तर मागच्या सीटवर तिला बसवून न्यावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. मी तिथल्या तिथे हो म्हटलं.

संध्याकाळच्या आत मी तिच्या दारात होते. मावशीने माझ्यावर छत्री धरली आणि मी मामंजींनी सांगितल्याप्रमाणे वरच्या नटापासून सुरुवात केली. वायपरच्या दांड्या निघाल्या, काचेखालची काळी जाळी निघाली. मोटरचा शेवटचा बोल्ट गंजून बसलेला. मावशीने घरातून खोबरेल आणून त्यावर ओतलं आणि आपण चहा घेऊ म्हणाली. चहा होईपर्यंत बोल्ट नरम आला. ड्रायव्हरच्या सीटवरून एक कोंबडी माझ्याकडे रागाने बघत होती. ती उठली तेव्हा खाली अंडं होतं. तेही मावशीने मला दिलं.

घरी आल्यावर मोटर मामंजींच्या मांडीवर ठेवली आणि आमच्या बॅटरीच्या तारा तिला टेकवल्या. ती गर्रकन फिरली. मामंजींनी दोन्ही तळव्यांनी तिला धरून ठेवलं होतं. काळ्या चष्म्यामुळे डोळे दिसत नव्हते, पण ऑपरेशन झाल्यापासून इतके खूश मी त्यांना पाहिले नव्हते. "बघ, कशी बोलते," एवढंच ते म्हणाले.

शनिवारी सकाळी जुनी मोटर काढून नवी बसवली. मामंजी एकेक बोल्ट सांगत होते, मी आवळत होते, सगळं सुरळीत चाललं होतं. शेवटी मी आत बसून बटण दाबलं. पाती जोरात निघाली, पण वर न जाता खाली आली आणि बॉनेटवर धाडकन आपटली. मी घाबरून बंद केलं, तर दोन्ही पाती काचेच्या मध्यावर सरळ उभी राहिली, परेडला आल्यासारखी. मामंजींनी आवाज ऐकला होता. ते खुर्चीतून उठून आले, मी ओरडले, ते परत बसले. सगळं बरोबर लावलंय, मग असं का, हे त्यांना उमगेना. बोटीवर वायपर त्यांच्या खात्यात नव्हते, असं ते पुटपुटले.

मी मोटरच्या दांड्याकडे बघत उभी राहिले. माझ्या क्लासमधल्या मुली हीच चूक करतात. सुईचा दांडा भलत्या उंचीवर आवळला की मशीन चालतं छान, पण टाका पडत नाही. दांडा आवळण्याआधी सुई कुठे आहे ते बघावं लागतं. मी मामंजींना विचारलं, वायपर बंद केले की पाती आपोआप खाली येऊन निजतात, मग मोटरचीही थांबायची एक ठरलेली जागा असणार ना?

मामंजी खुर्चीत पुढे सरकले. मग गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "दांडा सोडव. नुसती मोटर फिरव, बंद कर, तिला तिच्या घरी जाऊ दे. मग पाती निजवून दांडा बसव."

तसंच केलं. या वेळी पाती खालून वर गेली, वरून खाली आली, आणि बंद केल्यावर काचेच्या तळाशी शहाण्यासारखी निजली. मी बाटलीने काचेवर पाणी ओतत राहिले आणि मामंजी आत बसून बटण दाबत राहिले. बॅटरी उतरेल म्हणून मलाच त्यांना थांबवावं लागलं.

रविवारी हातखंब्यापासून पाऊस जो लागला तो देवरूखपर्यंत. वायपर एकदाही अडखळले नाहीत. मागच्या सीटवर नवं लुगडं नेसलेली मावशी आणि तिच्या मांडीवर लेकीसाठी सोड्यांचं आणि सुक्या बोंबलांचं गाठोडं. काचा बंद, त्यामुळे साखरप्यापर्यंत वास गेला असेल. मावशीला लेकीच्या दारात उतरवलं. ती लेक धावत येऊन आईला अशी बिलगली की गाठोडं चिखलात पडलं आणि दोघींना त्याचं भान नव्हतं.

बारशाला आम्ही वेळेवर पोचलो. माझ्या रेशमी साडीला बोंबलांचा वास येत होता. पाळण्याभोवतीच्या बायका एकमेकींकडे बघत होत्या, पण आत्याला कोण बोलणार? मी वाकले आणि लेकराच्या कानात नाव सांगितलं. तिने जांभई दिली. माझ्या नखांत अजून काळं ग्रीस होतं. वहिनीला वाटलं मी तीट लावायला काजळ घेऊन आलेय, तिने ते बोट धरून बाळाच्या गालाकडे नेलं. मी घाईने हात मागे घेतला आणि खरं काय ते सांगितलं, तेव्हा सगळ्या खोलीत हशा पिकला. मामंजींनी मग पुरुषांच्या पंगतीत मोटरची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. सुईचा भाग त्यांनी गाळला नाही, उलट तोच दोनदा सांगितला.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी त्यांना विचारलं, विश्रांती घेतलीत ना, वाकला नाहीत ना? मामंजींनी माझ्याकडे बघितलं.

"नाय," ते म्हणाले, "खुर्चीतच होतो." डोळ्याची जखम छान भरून येत होती.