मामाने घ्यायची पिवळी साडी

भाचीचं लग्न ठरल्याचं अक्काने फोनवर सांगितलं, तेव्हा मी "अरे वा, छान" म्हणालो. शब्द बरोबर होते, आवाजात काही नव्हतं. मलाही ते ऐकू आलं. या पोरीला मी सायकल शिकवली होती. तिचा गुडघा फुटला की मला जेवण जायचं नाही.

आमच्यात नवरीची पिवळी साडी मामाने घ्यायची असते. त्यासाठी अक्का बेळगावहून बेंगळुरूला आली आणि शनिवारी मला एचएसआर लेआउटमधल्या फ्लॅटमधून उठवून चिकपेटला घेऊन गेली.

तीन वर्षांपूर्वी हे सुरू झालं, तेव्हा मला कशानेही रडू यायचं. बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये, कॅबच्या मागच्या सीटवर, तोंडाला रुमाल लावून रडायचो. पुढच्या वर्षी रडू आटलं आणि चिडचिड आली. कुकरची शिट्टी झाली, ऑफिसात कुणी 'क्विक कॉल' म्हणालं, की माझी तळपायाची आग मस्तकात. मग तीही विझली. खरं सांगतो, राग होता तोवर बरं होतं. निदान आत कुणीतरी राहतंय असं वाटायचं. डॉक्टरीणबाई म्हणतात, नैराश्य आहे, गोळ्या चालू ठेवा, वेळ लागेल. यातलं अक्काला काहीच ठाऊक नव्हतं. कोण सांगत बसणार!

दुकानात गादीवर साड्या उलगडल्या जात होत्या.

"ही?"

"चालेल."

"ही बघ, काठ मोठाय."

"चालेल."

"स्वल्प नोडी, सर," दुकानदार म्हणाला. जरा बघा तरी. मी बघितलं. पिवळी होती. पाचव्या साडीलाही मी चालेल म्हणालो, तेव्हा अक्काने ती घडी करून बाजूला ठेवली.

"मुलगा पसंत नाही ना तुला? दोन महिने बघतेय. सांग की सरळ. मोडू काय लग्न?"

माझ्या कोऱ्या चेहऱ्याचा तिने हा अर्थ लावला होता, आणि दोन महिने एकटीच त्याचा घोर करत बसली होती.

"मुलगा चांगलाय, अक्का. मलाच काही वाटेनासं झालंय. कशाचंच. औषध चालू आहे."

ती माझ्याकडे वळली. "म्हणजे लग्नावर राग नाही ना तुझा?" असं विचारलं आणि तिथेच, साड्यांच्या ढिगात, रडायला लागली. मी माझ्याही डोळ्यांत पाणी यायची वाट बघितली. आलं नाही. त्याची लाजसुद्धा धड वाटली नाही, नुसता थकवा आला.

तिला ते दिसलं असावं. पदराने तोंड पुसून ती म्हणाली, "असू दे रे. मंगलाष्टकांना मामाने पोरीच्या पाठीमागे तर उभं राहायचं असतं. तिला काय तुझं तोंड दिसणार आहे?"

"तेवढं जमेल," मी म्हणालो.