साहेब येऊन गेले

बालाघाटला बेघर मुलांसाठी नगरपालिकेचा निवारा आहे, तिथे मी नोकरीला होते. भोपाळहून साहेब तपासणीला येणार, म्हणून आम्ही फरशी फिनाईलने पुसली, कपाटातल्या नव्या चादरी अंथरल्या. त्या मळायला नकोत, म्हणून मीच मुलांना मागच्या आवारात नेऊन बसवलं. साहेबांनी कोऱ्या चादरी पाहिल्या, "बहुत बढ़िया" म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

मी खुशीत चादरी परत कपाटात ठेवत होते. तेवढ्यात तिरोडी गावची एक लहानशी पोरगी दारात आली.

"मॅडम, साहेब आमालेच पाहाले आलते ना?"

"हौ."

"मंग आमाले बाहेर काहून बसवलं?"

मुलं कुठं आहेत, हे साहेबांनी विचारलंच नव्हतं. आणि आग लागो माझ्या अकलेला, मला ते खटकलंही नव्हतं!