नंदकुमार राणेंचे कान

भांडुपच्या नंदकुमार राणेंनी एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. आयटीआय झाले आणि लागले ते याच कामाला. घरात माणूस अबोल. बाबा काय करतात असं कुणी विचारलं, तर त्यांची मुलगी मानसी "लिफ्ट बघतात" म्हणून मोकळी व्हायची. तिलाही त्यापलीकडे ठाऊक नव्हतं.

बारावीत तिनं परदेशातल्या एका मोठ्या विद्यापीठाचा अर्ज भरायला घेतला. तिथे नुसत्या मार्कांवर भागत नव्हतं. निबंध लिहायचा होता आणि विषय असा की डोकं फिरावं: 'इतरांना ऐकू येत नाही असं तुम्हाला काय ऐकू येतं?'

मानसीनं समुद्रावर लिहिलं, चिमण्यांवर लिहिलं, अंतर्मनावरही लिहिलं. वाचून तिची तिलाच लाज वाटली.

"बाबा, वाट लागली माझी. मला तर काहीच ऐकू येत नाही. काय लिहू?"

प्रश्न काय आहे ते नंदकुमारांनी दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "उद्या रविवार ना? चल माझ्यासोबत मुलुंडला."

मुलुंडच्या त्या बावीस मजली टॉवरचे सेक्रेटरी श्यामसुंदर गच्चीवर मशीनरूमपर्यंत सोबत आले. "राणे, लिफ्ट झकास चाललीय. उगाच कशाला उघडताय?"

"दोन मिनिटं कुणी बोलू नका," नंदकुमार म्हणाले.

मशीन सुरू होतं. ते डोळे मिटून उभे राहिले. घरी टीव्हीसमोर पेंगणारा हा माणूस इथे इतका जागा होता की मानसी बघतच राहिली.

"पुलीचं बेअरिंग खराब होत चाललंय. डावीकडचं."

"मला नाही ऐकू येत," मानसी म्हणाली.

त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या कवचावर टेकवलं आणि त्याची मूठ तिच्या कानाला लावली. आधी नुसती घरघर आली. मग त्या घरघरीच्या आत, खोल कुठेतरी, दाताखाली खडा यावा तशी बारीक करकर.

नंदकुमारांनी लिफ्ट बंद केली, झाकण खोललं आणि बोटावर ग्रीस घेतलं. उन्हात धरलं, तर त्यात पोलादाचा चुरा चमकत होता. नवं बेअरिंग मागवायला सांगून श्यामसुंदर जिना उतरले.

"बाबा, हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही गं. रोज ऐकतो ना."

मानसीनं त्याच दुपारी निबंध लिहिला. मला काहीच ऐकू येत नाही, इथून सुरुवात केली. सतरा वर्षं एका घरात राहूनही आपण या माणसाला काही विचारलंच नाही, तेही लिहिलं. संध्याकाळी मराठीत सांगत तिनं तो बाबांना वाचून दाखवला. त्यांनी एकच चूक काढली, "मोटरचं बेअरिंग लिहिलंयस तू. पुली वेगळी, मोटर वेगळी. नीट लिही." आणि तोंड धुवायला म्हणून मोरीत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

मार्चमध्ये प्रवेश मिळाल्याची मेल आली. मानसीनं त्यांना अभ्यासक्रम दाखवला. यंत्रांच्या कंपनांवर एक अख्खा विषय होता.

"म्हणजे याचं शास्त्र आहे?" नंदकुमारांनी मोबाइल दोन्ही हातांत घेतला. "लोक हे पुस्तकात लिहून ठेवतात?"

"हो बाबा."

ते त्या न समजणाऱ्या इंग्रजी ओळींवरून कितीतरी वेळ हळूहळू बोट फिरवत राहिले.