मंगलीने नाचून शोधलेलं गाव

सकाळी साडेनऊला फोन आला. “मंगली गेली.” मी विचारलं, “कुठे?”… आदल्या संध्याकाळी सातपर्यंत आम्ही दोघी गंगापूर रोडच्या हॉलमध्ये तालीम घेत होतो. डोकं दुखतंय म्हणाली, चहा घेतला, स्कूटर काढून सातपूरला घरी गेली. पहाटे मेंदूत रक्तस्राव झाला. चौतीस वर्षांची होती. दीड महिना उलटला, पण तो ‘कुठे?’ मी अजून विचारतेच आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती माझ्या कथकच्या क्लासला आली, तेव्हा कॉलेजात होती. पेठ तालुक्याकडची, कोकणा आदिवासी. गाव धरणात गेलं तेव्हा ती जेमतेम पाच-सहा वर्षांची. वडील सातपूरच्या कारखान्यात लागले आणि सगळं घर एका खोलीत आलं. मी तिला सारखी म्हणायचे, “पाय हलका टाक.” एकदा ती शांतपणे म्हणाली, “ताई, आमच्यात जमिनीला ऐकू जाईल असा पाय टाकतात.” मी चिडले होते. पण त्यानंतर तिचे पाय बघताना माझं बोलणं कमी होत गेलं.

पुढे तिने स्वतःचं नृत्य बसवलं, बुडालेल्या गावाचं. मंचावर ती एकटीच उंबरे ओलांडायची, चूल विझवायची, नसलेलं गाठोडं डोक्यावर घेऊन निघायची. शहरात त्याचं कौतुक झालं. तिची आई मात्र एकदाही बघायला आली नाही. “नाचणं बघाया नसतं, नाचाया असतं,” एवढंच म्हणायची. मंगलीला ते फार लागायचं.

एका उन्हाळ्यात धरण आटलं, तेव्हा आम्ही तिच्या आईला घेऊन तिथे गेलो. भेगाळलेल्या गाळातून घरांच्या जोत्यांचे दगड वर आले होते. त्यातलं एक आपलंच जोतं आहे असं समजून मंगली तिथेच नाचू लागली. कडेला बसून बघणारी आई उठली. “हठं नाय. आपलं घर तठं होतं,” म्हणत तिने लेकीला हाताला धरून वीस-पंचवीस पावलं पलीकडे नेलं. मंगली त्या दगडांवर हात ठेवून खाली बसली. इतकी वर्षं मंचावर ती ज्या आठवणीतल्या घराचे उंबरे ओलांडत होती, ते परक्याचं निघालं… आईने तिला उठवलं, कमरेत हात घातला आणि दोघी वाद्याशिवायच नाचल्या.

परतल्यावर मंगलीने ते एकटीचं नृत्य मोडलं. दहा मुली घेतल्या, कमरेत हात घालून नाचणारी रांग बसवायला लागली. तालीम चालू होती ती त्याचीच.

गेल्या आठवड्यात मुलींना पुन्हा बोलावलं. त्या उभ्या राहिल्या आणि मंगलीच्या जागी फट राहिली. कुणी ती भरेना. तेवढ्यात दारात तिची आई दिसली, मुलींकडून तालमीचं कळल्यावर बस बदलत एकटीच आलेली. मी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

“रांग अशी तुटकी ठेवू नये, बाय,” असं म्हणून ती त्या फटीत शिरली, दोन्हीकडच्या मुलींच्या कमरेत हात घातले आणि पहिलं पाऊल टाकलं.